घंटेचा दांडा कुणी नेला?

एका शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडक्यात असं : बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत या ताई पाचवी ते सातवीला शिकवतात. एका माजी विद्यार्थ्यानं शाळेच्या वाचनालयासाठी सहा हजार रुपये दिले. कोणती पुस्तकं आणायची हे ताईंनी मुलांनाच विचारलं. १४ मुलांनी वहीच्या पानांवर शिफारशी लिहून दिल्या आणि एखाददुसरी सोडली तर सगळी नावं गुप्तहेरांच्या, चोर शोधण्याच्या, रहस्याच्या पुस्तकांची निघाली. दरम्यान एक प्रकार घडला. शाळेची घंटा वाजवायचा लोखंडी दांडा हरवला. सातवीच्या मुलांनी ‘तपास पथक’ काढलं आणि दोन दिवसांत ‘चोर’ जाहीर केला : गावाबाहेर पालात राहणाऱ्या कुटुंबातला, सहावीतला एक मुलगा. तो चार दिवस शाळेत आला नाही. पुढे दांडा सापडला. पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या खांबाजवळ खुंट्या ठोकायला एका पालकानंच तो घेतला होता आणि तो त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत राहिला होता. आता मुख्याध्यापक म्हणतात, “बघा, असली पुस्तकं वाचून लेकरं बिघडायलेत. थोरांची चरित्रं आणा, नाहीतर शिष्यवृत्ती आणि नवोदयची गाईडं आणा.” ताईंना मुलांचा शब्द मोडवत नाही आणि मुख्याध्यापकांचं म्हणणंही खोडता येत नाही. शिवाय दिवाळीनंतर ९ मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. त्यांतली एक मुलगी विचारते, “बाई, पुस्तक सोबत नेऊ का?” त्यालाही काय सांगावं हे ताईंना कळत नाही.

ताई, नमस्कार.

पुस्तकांचं नंतर बोलू. आधी त्या मुलाचं. दांडा सापडल्यावर तपास पथकानं त्याची माफी मागितली का, हे तुमच्या पत्रात नाही. मागितली नसेल तर हा अंक हातात पडेल त्याच दिवशी ते व्हावं, आणि मुलांनी आळ जसा सगळ्यांसमोर घेतला तशीच माफीही परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर मागावी. कोपऱ्यात नेऊन ‘जाऊ दे रे, विसर’ म्हणून भागणार नाही. मुलांबरोबर तुम्हीही दोन वाक्यं बोला, कारण ते दोन दिवस तपास चालू होता तेव्हा शाळेत मोठी माणसंही होती. त्याच्या आईवडिलांकडेही जाऊन या. पालापर्यंत शाळेतलं कुणी चालत गेलं, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

आता मुख्याध्यापकांचा मुद्दा. पुस्तकांमुळे मुलं बिघडली, असं त्यांना वाटतं आणि तुम्हालाही ते थोडं पटलेलं दिसतं. मला ते पटत नाही. मुलांनी त्याच्यावर संशय का घेतला, याची तीन कारणं तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहिली आहेत : तो उशिरा येतो, तो पालात राहतो, आणि त्याच्या बापाला एकदा पोलिसांनी नेलं होतं. यातलं एकही कारण त्यांना पुस्तकात सापडलेलं नाही. ते त्यांनी पारावर ऐकलं, घरी जेवताना ऐकलं. गावात काही हरवलं की मोठ्यांची नजर आधी कुठं वळते, हे मुलं जन्मापासून बघत असतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच करून काही जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं होतं. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो रद्द झाला, पण गावाच्या तोंडातून तो अजून गेलेला नाही. तुमच्या सातवीच्या मुलांनी तपास केलाच नाही. गावात आधीच लिहून ठेवलेलं उत्तर त्यांनी उतरवून काढलं, आणि परीक्षेत असं उत्तर उतरवलं तर त्याला आपण कॉपी म्हणतो.

पण पुस्तकांची बाजू घेताना मला खोटंही बोलायचं नाही. या प्रकारच्या जुन्या पुस्तकांत हा दोष आहे. इंग्रज लेखिका एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’चं पहिलं पुस्तक १९४२ साली आलं. आजही मुलं ती मालिका आवडीनं वाचतात. पण तिच्या गोष्टींमध्ये फिरस्ते लोक, सर्कसवाले, फाटक्या कपड्यांतली माणसं दिसली की त्यांच्यावर पहिला संशय येतो. आपल्याकडच्या जुन्या रहस्यकथांतही काळा, राकट, गालावर व्रण असलेला माणूस आला की तो गुंडच, हे वाचणाऱ्याला पहिल्या पानावर कळायचं. म्हणून ही पुस्तकं काढून टाका, असं मी म्हणणार नाही. मुलांना ती वाचू द्या आणि नंतर एकच प्रश्न विचारा : “या माणसाचा संशय तुम्हाला कोणत्या पानावर आला, आणि त्यानं तोवर काय केलं होतं?” मुलं पानं उलटतात, शोधतात, आणि मग एखादं म्हणतं, “बाई, त्यानं तर काहीच केलं नव्हतं.” त्यानंतर वर्ग गप्प होतो, तेव्हा तुम्हीही गप्प राहा.

चांगली रहस्यकथा हेच काम स्वतः करते. शेरलॉक होम्सची नीलमण्याची एक गोष्ट आहे, १८९२ सालची. हॉटेलातून एका श्रीमंत बाईंचं मौल्यवान रत्न जातं. त्या दिवशी खोलीत शेगडीचं काम करायला एक नळकाम करणारा माणूस आलेला असतो. त्याला पूर्वी एकदा चोरीबद्दल शिक्षा झालेली असते, झालं, पोलीस त्यालाच उचलतात. तिकडे नाताळच्या मेजवानीसाठी घेतलेल्या एका हंसाच्या घशात ते रत्न सापडतं. पुढचं सांगत नाही, पण तुमच्या वर्गात या महिन्यात एकच गोष्ट मोठ्यानं वाचायची असेल तर ती ही वाचा. ‘त्याला पूर्वी पोलिसांनी नेलं होतं’ या वाक्यापाशी जरा थांबा. मुलांना आपोआप काय आठवायचं ते आठवेल. होम्सच्या कथा भालबा केळकरांनी मराठीत आणल्या आहेत. मूळ कथा थोडी मोठी आहे, सहावीपर्यंतच्या मुलांना दोन तासिकांत तोंडी सांगितली तर जास्त रंगेल.

तोंडी सांगायला अजून एक देते. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाची १९२९ सालची कादंबरी आहे, एमिल नावाच्या मुलाची. आई लोकांचे केस धुऊन-विंचरून देऊन घर चालवते. ती त्याला आजीकडे बर्लिनला पाठवताना १४० मार्क देते, एक शंभराची आणि दोन विसाच्या नोटा. पैसे हरवू नयेत म्हणून तो ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात टाचणीनं अस्तराला टोचून ठेवतो. रेल्वेत त्याला डुलकी लागते आणि पैसे जातात. पुढे अनोळखी शहरातली पोरं गोळा होतात, चोराच्या मागं लागतात. चोर हाती लागतो, पण तो म्हणतो की हे पैसे माझेच. आता सिद्ध कसं करायचं? तेव्हा एमिलला टाचणी आठवते. नोटा उजेडात धरल्या तर त्यांना भोकं दिसणार!

ती टाचणीची भोकं म्हणजे पुरावा. हे समजायला सातवीच्या मुलाला कोणतीही व्याख्या लागत नाही. एमिलला तर चोर कोण हे आधीपासून पक्कं माहीत होतं, आणि तरी तेवढ्यानं चाललं नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. मग विचारा : आपल्या दांड्याच्या तपासात आपल्याकडे टाचणीची भोकं कोणती होती?

म्हणून माझं मत सरळ आहे, ताई. या प्रकारानंतर तुमच्या शाळेला ही पुस्तकं पूर्वीपेक्षा जास्त हवी आहेत. मुलांना संशय घेता येतोच, तो कुणी शिकवावा लागत नाही. संशय घेऊन थांबायचं कसं, तपासायचं कसं, चुकलं तर मागं कसं यायचं, हे या पुस्तकांमधून शिकता येतं. मुख्याध्यापकांना ‘संस्कार’ हवे आहेत ना? मग हा संस्कार त्यांना समजावून सांगा. ते तुमच्या विरोधात आहेत असं धरून चालू नका. त्यांना शाळेत भांडण नको आहे, आणि ते रास्तच आहे. नीलमण्याच्या गोष्टीच्या तासाला त्यांनाच वर्गात बोलवा. जमलं तर वाचायलाही त्यांनाच द्या.

आता मुलांच्या त्या १४ कागदांकडे येते. त्यांतल्या काही ओळी तुम्ही उतरवून पाठवल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. एकानं लिहिलंय, “सुरुवात बोअर हाय, पण चौदाव्या पानापासून लई भारी.” दुसरा लिहितो, “रात्री वाचू नका. मी वाचलं आन आईजवळ जाऊन झोपलो.” एका मुलीनं लिहिलंय, “ह्यात पोरगी पण हुशार हाय.” आणि मला सगळ्यांत आवडलेली, “चोर कोण ते मला आधीच कळलं होतं, तरी पण वाचा.” मी गेली कित्येक वर्षं पुस्तकांवर लिहिते, पण इतकी नेमकी शिफारस मला साधलेली नाही. कुठं कंटाळा येईल, कधी भीती वाटेल, ही गोष्ट कुणाची आहे, हे सगळं एका ओळीत आलंय. आपण मोठी माणसं पुस्तक सुचवताना ते मुलाला ‘काय देईल’ याचा हिशेब करतो. मूल दुसऱ्या मुलाला सांगतं ते वाचताना काय होईल हे. वाचायला उचलण्यासाठी हे दुसरंच उपयोगी पडतं. तेव्हा यादी मुलांचीच राहू द्या. तुम्ही तिच्यात भर घाला, काटछाट करू नका.

पैशांचं म्हणाल तर सहा हजारांतले निदान चार हजार मुलांच्या यादीवर खर्च करा. गाईडं लागतातच, ती मुख्याध्यापकांना दुसऱ्या निधीतून घेऊ द्या. माजी विद्यार्थ्यानं पैसे वाचनालयासाठी दिले आहेत, हे त्यांना सांगितलं तरी पुरे. उरलेल्या पैशांत चरित्रंही जरूर घ्या, पण ती मुलांनीच निवडावीत.

यादीत ‘फास्टर फेणे’ आहे हे बघून बरं वाटलं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बन्या, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला. ‘ट्टॉक्’ म्हणत सायकलवर निघणारा हा काटकुळा मुलगा पाचवीच्या मुलाला सहज पेलतो. वाक्यं छोटी, धावपळ भरपूर, आणि मुख्य म्हणजे तो खेड्यातून शहरात शिकायला आलेला आहे. भागवतांचाच ‘बिपिन बुकलवार’ मात्र तुमच्या यादीत दिसला नाही, तो घाला. पुस्तकांचं वेड असलेला मुलगा नायक झालेला बघून तुमच्या वर्गातलं एखादं लाजरं पोर खूश होईल.

दुसरी भर फेलूदा या बंगाली गुप्तहेराची. सत्यजित राय यांनी त्यांच्या आजोबांनी १९१३ साली सुरू केलेलं ‘संदेश’ हे मुलांचं मासिक पुन्हा चालू केलं आणि त्यात १९६५ साली फेलूदाची पहिली कथा लिहिली. गोष्ट सांगतो तो त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे, त्यामुळे वाचणाऱ्यालाही आपण धाकटे म्हणून सोबत हिंडतोय असं वाटतं. अशोक जैन यांनी या कथा मराठीत आणल्या आहेत. आणि तुमच्या मुलांसाठी खास गोष्ट म्हणजे फेलूदाची एक कथा आपल्या मराठवाड्यात घडते. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीच्या मूर्तीचं डोकं चोरीला जातं आणि माग काढत फेलूदा येतो तो थेट वेरूळला, कैलास लेण्यापाशी. पुस्तकं मागवताना ती कथा आठवणीनं मागा. शाळेची सहल वेरूळला जाणार असेल तर सहलीच्या आधी वाचा. सोळाव्या लेण्यात शिरताना मुलं मूर्तींकडे ज्या नजरेनं बघतील, ती कोणत्याही माहितीपत्रकानं येणार नाही.

पैसे संपले तरी ‘किशोर’ आहे. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. आठवड्यातून एक गोष्ट शाळेच्या टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर उघडून वाचता येईल. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर मात्र इतक्यात नकोत. माझ्या वडिलांच्या पिढीनं ते झपाटल्यासारखे वाचले, पण ती मोठ्यांची करमणूक आहे.

मुलांच्या शिफारशी एका जाड वहीत घ्या. प्रत्येक पुस्तकाला एक पान, खाली जागा मोकळी, म्हणजे दुसऱ्याला पटलं नाही तर तो तिथंच लिहील. एकच नियम ठेवा : चोर कोण ते लिहायचं नाही. मी हे का सांगते ते ऐका. परभणीला आमच्या घराजवळ एक छोटं वाचनालय होतं. मी सहावीत असताना तिथून आणलेल्या एका रहस्यकथेत बाराव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘मुनीमजीनेच केले’. मी रडले होते. मग चिडून तशीच वाचत गेले. आणि मला वेगळंच काही दिसायला लागलं. मुनीमजी प्रत्येक वेळी दिवा लावायला आधी उठतो, तिजोरीबद्दल कुणी न विचारताच बोलतो, पावसात आला तरी त्याची छत्री कोरडी. लेखकानं सगळं समोर ठेवलं होतं, फक्त माझं लक्ष दुसरीकडे वळवलं होतं. पुस्तक परत करण्याआधी मी खोडरबरानं ती ओळ पुसली. कागद तेवढ्या जागी पातळ झाला, पण अक्षरं गेली. तुमच्या मुलांना दोन्ही आनंद मिळू द्या. पहिल्यांदा वाचताना शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं, आपला अंदाज आणि त्यामागचं कारण चिठ्ठीवर लिहायचं, मग पुढं वाचायचं. दुसऱ्यांदा वाचताना लेखकानं कुठं कुठं चकवलं ते शोधायचं. अंदाज चुकला तरी चालेल, पण नुसतं नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊ नका. कारण नाही तर चिठ्ठी परत.

तपास पथक बरखास्त केल्याचं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, त्याला दुसरं काम द्या, ज्यात गुन्हेगारच नाही. तुमच्या भागात मारुतीच्या देवळाशेजारी नाहीतर वेशीपाशी शेंदूर फासलेले कोरीव उभे दगड असतात ना? त्यांतले कितीतरी वीरगळ आहेत, लढताना मेलेल्या माणसाची आठवण. ते खालून वर वाचायचे. खालच्या चौकटीत लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खालच्या चौकटीत गाई कोरल्या असतील तर बहुतेक तो गुरं सोडवताना गेला. पथकाला वही-पेन्सिल देऊन तिथं पाठवा. शस्त्र कोणतं, घोडा आहे की नाही, माणसं किती, गाई आहेत का? दगड खरवडायचा नाही, शेंदूर काढायचा नाही, फक्त बघायचं आणि काढून आणायचं. मग म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, ते सांगतील ते वेगळ्या पानावर लिहायचं. डोळ्यांनी दिसलेलं एका पानावर, कानांनी ऐकलेलं दुसऱ्या पानावर. दांड्याच्या वेळी नेमकी हीच दोन पानं एकमेकांत मिसळली होती.

आता ऊसतोडीला जाणारी मुलगी. ताई, पुस्तक तिला द्या. शक्य असेल तर ती आणि बाकीची आठही मुलं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाचा प्रयत्न तुम्ही करत असालच, तो सोडू नका. पण जी जाणारच आहे तिला ‘हरवलं तर?’ म्हणून अडवू नका. हरवलं तर एक पुस्तक जाईल, दीडशे-दोनशे रुपयांचं. नाही दिलं तर पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंतचे पाच-सहा महिने वाचनावाचून जातील, आणि कोपीत, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेल्या मुलीला तेवढ्या काळात अक्षरं परकी व्हायला लागतात. एक सोडून दोन द्या. शेवटचं प्रकरण राखून वाचायचं पुस्तक द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, पाचटाचं छप्पर गळतं. सोबत चार कोरी पोस्टकार्डं शाळेचा पत्ता लिहून द्या. चोर कोण असेल याचा अंदाज तिनं कारखान्यावरून लिहून पाठवायचा आणि तुम्ही तो वर्गात वाचून दाखवायचा. मग हजेरीपटावर ती गैरहजर असली तरी वर्गाला ती कुठं पोचली, कोणत्या पानावर आहे, हे माहीत राहील. तुमच्यासारख्या ज्या शिक्षकांच्या वर्गातून अशी मुलं जातात, त्यांनीही हे करून बघावं. मला पत्रं येतील तर मी वाट बघेन.

एक शेवटचं. तुमचं पत्र आणि तुम्ही सोबत जोडलेली शिफारस देणाऱ्यांची यादी मी दोनदा वाचली. सहावीतल्या पाच मुलांनी शिफारशी दिल्या आहेत. ज्याच्यावर आळ आला त्या मुलाबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिलंत, तो कुठं राहतो, किती दिवस आला नाही, परत आल्यावर कुठल्या बाकावर बसला. पण तो काय वाचतो, त्याला कोणती गोष्ट आवडते, हे पत्रात कुठंच नाही, आणि त्या पाचांत तो नाही. कदाचित कागद वाटले तेव्हा तो नेमका त्या चार दिवसांत घरी होता. कदाचित त्याला अजून सलग वाचता येत नसेल. तसं असेल तर त्याला गोष्ट वाचून दाखवा आणि त्याची शिफारस त्याच्या शब्दांत तुम्ही लिहून घ्या. नवी पुस्तकं मागवण्याआधी त्याला विचारा. यादी अजून पाठवली नसेल, तर पंधरावं पान मोकळं सोडा.